कुंपण मोडणाऱ्यांच्या देशात दहा दिवस

पहिला दिवस, १४ मार्च २०२४ : हनोई

मुंबईहून रात्री निघालेले विमान सकाळी हनोईला उतरले, तेव्हा बाहेर धुक्यासारखा बारीक पाऊस भुरभुरत होता आणि निफाडच्या उन्हातून आलेल्या आम्हा दोघांनाही पिशवीतले स्वेटर काढून घालावे लागले. विमानतळावरून शहराकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुकतेच लावलेले भात वीतभर वाढलेले दिसत होते आणि त्या हिरव्या वाफ्यांच्या मधोमध पूर्वजांची थडगी होती. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "जमीन किती थोडी असेल यांच्याकडे, तरी थडग्याला वळसा घालून नांगरतात, थडगं हलवत नाहीत."

या प्रवासाचे कारण कांदा होता. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि विकायला माल असलेल्या दाजींसारख्यांच्या डोळ्यांदेखत भाव कोसळला. त्याआधी जुलैमध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली होती आणि त्यामुळे व्हिएतनामच्या तांदळाला चांगला भाव मिळत असल्याचे दाजींनी वाचले होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. जो देश १९८८ साली तांदूळ आयात करत होता, त्याने १९८९ साली सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला, हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले होते. पण एका वर्षात असे काय घडले, हे स्वतःला पुरेसे समजावून सांगता आले नव्हते. दाजी म्हणाले, "चल, जाऊन बघू." म्हणून आलो.

आमची दुभाषी हनोईत अर्थशास्त्र शिकणारी मुलगी आहे. व्हिएतनामी भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या जागी नात्याचेच शब्द वापरतात, हे तिने पहिल्याच तासात सांगितले. ती आम्हाला 'बाक', म्हणजे वडिलांहून मोठे काका, म्हणते आणि स्वतःचा उल्लेख 'चाऊ', म्हणजे पुतणी, असा करते. काका-मामांनी अनोळखी माणसांना हाक मारणाऱ्या आम्हाला हे फार जवळचे वाटले.

दुसरा दिवस, १५ मार्च : हनोई

दुपारी आम्ही एका जुन्या धाटणीच्या खाणावळीत जेवलो. तिथे 'बाव काप' काळ, म्हणजे १९८६ पूर्वीचा सरकारी पुरवठ्याचा काळ, मुद्दाम जपून ठेवला आहे: पत्र्याच्या ताटल्या, सरकारी दुकानाची पाटी आणि भिंतीवर काचेत लावलेली रेशनची कुपने. दुभाषीची आजी आमच्यासोबत आली होती. तिने उभी हयात सरकारी कापड गिरणीत काढली. भिंतीवरच्या कुपनांकडे पाहत ती एकेक ओळखू लागली: हे मांसाचे, हे कापडाचे, हे रॉकेलचे. कार्यालयात काम करणाऱ्याला महिन्याला १३ किलो तांदूळ ठरलेला होता. पण बहुधा तो पूर्ण मिळत नसे आणि त्यात कसावा, गव्हाचे पीठ किंवा 'बो बो' मिसळून दिलेले असे. हे बो बो म्हणजे काय, याचा उलगडा होताच दाजी चकित झाले, कारण ती ज्वारी होती. आपण जिच्या भाकरीवर वाढलो, तीच ज्वारी या लोकांच्या आठवणीत दारिद्र्याचे धान्य म्हणून राहिली आहे. ती कांडण्याची आणि दळण्याची सोय नव्हती, ती अख्खीच शिजवत आणि दातांनी फोडत.

पहाटे तीनला रांग लागे. घरी लहान मूल असले की बाई रांगेत स्वतःच्या नावाची वीट ठेवून परत जाई, आणि त्या विटेचा नंबर सगळे मानत. रेशनचे पुस्तक हरवणे हे मोठेच संकट होते; आजही कोणाचा चेहरा पडलेला दिसला की 'तांदळाचं पुस्तक हरवल्यासारखा चेहरा' असे म्हणतात. आजी हे सांगताना हसली. पण बोलता बोलता तिने ताटलीतले भाताचे शेवटचे शीतही टिपून खाल्ले, ते मी पाहिले.

सरकारी दुकानात किंमत स्वस्त आणि वस्तू नाही, बाहेरच्या बाजारात वस्तू आहे आणि किंमत अनेक पट, अशी ती व्यवस्था होती. ही तूट भरून काढण्यासाठी सरकार नोटा छापत गेले. १९८५ मध्ये चलन बदलून पाहिले आणि १९८६ मध्ये महागाईचा दर ७७४ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या महाअधिवेशनाने 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरण, हे धोरण स्वीकारले आणि न्गुयेन वान लिन्ह सरचिटणीस झाले. पाठ्यपुस्तकांत गोष्ट येथून सुरू होते. मला मात्र तिचे मूळ वीस वर्षे मागे, आम्ही उद्या जाणार आहोत त्या जिल्ह्यात, दिसते.

तिसरा दिवस, १६ मार्च : विन्ह फुक

हनोईच्या वायव्येला तासा-दीड तासाच्या अंतरावर विन्ह फुक प्रांत आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर व्हिएतनाममध्ये शेती सामुदायिक झाली. जमीन, बैल आणि अवजारे सहकारी संस्थेकडे गेली आणि शेतकरी हजेरीच्या गुणांवर राबू लागला. ज्यांच्या घरी आम्ही गेलो ते आजोबा ऐंशीच्या घरात आहेत आणि तरुणपणी ते तुकडीचे गुण लिहीत असत. घंटा झाली की शेतावर जायचे, घंटा झाली की परतायचे. दिवसाचे दहा गुण, मग रोप सरळ लावा की वाकडे. हंगामाच्या शेवटी सरकारी वसुली, बियाणे आणि संस्थेचा खर्च वजा होऊन जे उरे, ते गुणांच्या प्रमाणात वाटले जाई, आणि प्रत्येक वर्षी एका गुणाला मिळणारे भात कमी होत जाई. 'सगळ्यांचा बाप मेला तर रडायला कोणी नाही,' अशा अर्थाची त्यांच्याकडे म्हण आहे. दाजींनी लगेच आपली ऐकवली : बारभाईची खेती, काय लागेल हाती. दुभाषीने ती उलगडून सांगितली तेव्हा आजोबांनी मांडीवर थाप मारली.

प्रत्येक कुटुंबाला परसासाठी म्हणून संस्थेच्या जमिनीपैकी ५ टक्के क्षेत्रातून एक तुकडा दिलेला असे. शेणखत कुठे जात होते, हे त्या तुकड्याकडे पाहून कळे, असे आजोबा म्हणाले. सामुदायिक शेतात भात पिवळे पडलेले असे आणि बांधापलीकडच्या त्या चिमुकल्या तुकड्यात भाजी गच्च माजलेली असे. माती एकच, माणसेही तीच.

हे सगळ्यांना दिसत होते. पण त्यावर सही करण्याचे धाडस किम न्गोक यांनी केले. ते प्रांताच्या पक्षशाखेचे सचिव होते. सप्टेंबर १९६६ मध्ये, अमेरिकेशी युद्ध पेटलेले असताना, प्रांतिक समितीने ठराव करून शेतीची कामे आणि पुढे शेतेही कुटुंबांना खंडाने देण्यास वाट मोकळी केली. ठरलेले भात संस्थेला द्यायचे, त्यावर पिकेल ते घरात. आपल्याकडे खंडाने जमीन कसणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पीक वाढले, डुकरे वाढली. पण १९६८ मध्ये वरून आज्ञा आली आणि हे बंद झाले. त्या वेळी या पद्धतीवर सर्वांत कठोर टीका केली ती पक्षाचे ज्येष्ठ नेते ट्रुओंग चिन्ह यांनी. किम न्गोक १९७९ मध्ये वारले, आणि १९८६ मध्ये, न्गुयेन वान लिन्ह यांच्या आधी, सुधारणांची बाजू लावून धरणाऱ्या सरचिटणिसांचे नाव होते ट्रुओंग चिन्ह. आज प्रांताच्या मुख्य गावात किम न्गोक यांच्या नावाचा रस्ता आहे. आम्ही त्या रस्त्यावरून पायी गेलो.

खंड मात्र संपला नव्हता, तो भूमिगत झाला होता. याला त्यांच्याकडे 'खोआन चुई', म्हणजे चोरून केलेला खंड, असे नाव आहे. गावोगावचे संस्थाचालक वहीत एक लिहीत आणि शेतात दुसरे करत. हायफोंगजवळ १९७७ च्या सुमारास हे उघड होऊ लागले. जानेवारी १९८१ मध्ये १०० क्रमांकाच्या निर्देशाने केंद्राने मर्यादित खंडाला मान्यता दिली. एप्रिल १९८८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या सुरुवातीला उत्तरेतील लाखो माणसे उपाशी होती त्याच वर्षी, १० क्रमांकाच्या ठरावाने कुटुंब हेच शेतीचे स्वायत्त घटक ठरले आणि जमीन दीर्घ मुदतीने त्यांच्या हाती आली. माझ्या वर्गातल्या त्या वाक्याचे उत्तर या ओट्यावर बसून मिळाले. जे शेतकरी बावीस वर्षे कुंपणाखालून सरपटत जात होते, त्यांच्यासाठी सरकारने एका वर्षी कुंपणाला फाटक केले. त्याच्या जोडीला १९८९ पर्यंत सरकारी खरेदीचे सक्तीचे भाव गेले आणि धान्याची वाहतूक मोकळी झाली, हेही तितकेच महत्त्वाचे. कारण शेत स्वतःचे आणि विक्री सरकारची, ही अर्धी सुटका आपण महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे भोगली आहे.

वाटणी माणशी सारखी झाली. 'साओ' हे इथले माप ३६० चौरस मीटरचे, म्हणजे आपले जवळजवळ साडेतीन गुंठे. आजोबांच्या कुटुंबाला अकरा साओ मिळाले, तेही नऊ ठिकाणी : चांगल्या जमिनीत थोडे, पाणथळीत थोडे, लांबच्या माळावर थोडे, कोणावर अन्याय नको म्हणून. पुढे सरकारला तुकडे एकत्र करण्याची मोहीम काढावी लागली. आपल्या तुकडेबंदी आणि तुकडेजोडीच्या कायद्याची गोष्ट सांगितल्यावर आजोबांनी, तुमच्याकडे ते जमले का, असे विचारले. दाजींनी प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले.

चौथा दिवस, १७ मार्च : बाक निन्ह

दुभाषीचे गाव हनोईच्या पूर्वेला आहे, आणि गावापेक्षा आता कारखाने जास्त आहेत. सॅमसंगने २००९ मध्ये या प्रांतात मोबाईल बनवायला सुरुवात केली. आज व्हिएतनामची निर्यात प्रामुख्याने तांदळाची नसून फोन, संगणक, कपडे आणि पादत्राणांची आहे. १९८६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता, तो आता १२ टक्क्यांच्या आसपास आहे. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार १९९३ मध्ये सुमारे ५८ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, ते २००२ मध्ये २९ टक्क्यांवर आले. अवघ्या नऊ वर्षांत इतकी माणसे वर येणे ही गोष्ट मला कुठल्याही युद्धातील विजयाहून मोठी वाटते.

दुभाषीच्या वडिलांनी कपाटातून एक लाल पुस्तक काढून दाखवले. १९९३ च्या जमीन कायद्याने हंगामी पिकांसाठी २० वर्षांचा वापरहक्क दिला, आणि तो विकता, बदलता, भाड्याने देता, वारशाने देता व गहाण ठेवता येईल असे ठरवले. २०१३ च्या कायद्याने ही मुदत ५० वर्षे केली. त्या हक्काचा दाखला म्हणजे हे लाल पुस्तक, त्यांचा सातबारा. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की जमिनीची मालकी 'सर्व जनतेची' आणि तिच्या वतीने सरकारची राहते. कारखान्यासाठी जमीन हवी झाली की सरकार वापरहक्क परत घेते आणि मोबदल्याचा दर स्वतः ठरवते. यांच्या सहा साओंपैकी चार अशाच गेल्या. मिळालेल्या पैशांत घराचा दुसरा मजला चढला, मोठी मुलगी कारखान्यात लागली. पण शेजारच्या जमिनीवर पुढे उभ्या राहिलेल्या घरांचे प्लॉट कोणत्या भावाने विकले गेले, हे सांगताना त्या मितभाषी गृहस्थांचा आवाज चढला. जमिनीचा मोबदला आणि स्थानिक अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार हीच या देशातील शेतकऱ्यांच्या असंतोषाची मुख्य कारणे राहिली आहेत. १९९७ मध्ये थाय बिन्ह प्रांतात गावेच्या गावे उठली होती. समृद्धी महामार्गाच्या आणि विशेष आर्थिक क्षेत्रांच्या बैठकांना मी बसलेलो आहे. हा चढलेला आवाज मला नवा नव्हता.

पाचवा आणि सहावा दिवस, १८ व १९ मार्च : बुओन मा थुओत

विमानाने मध्य पठारावर आलो आणि ऋतूच बदलला. लाल माती, कोरडे ऊन, आणि कॉफीच्या झाडांवर पांढरा बहर, ज्याचा वास मोगऱ्याच्या आणि लिंबाच्या मधला आहे. उन्हाळ्यात पाणी दिले की कॉफी फुलते, म्हणून शेतात सगळीकडे विहिरीवरचे पंप आणि जाड नळ्या दिसतात. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी खोलगट आळे केलेले असते आणि ते काठोकाठ भरतात. दाजींनी नाशिकच्या द्राक्षबागेतला ठिबकचा हिशेब मांडून दाखवला. बागायतदाराने तो शांतपणे ऐकला आणि सांगितले की वीस वर्षांपूर्वी ज्या खोलीवर पाणी लागे, तिच्या दुप्पट आता खणावे लागते.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर या देशात वर्षाला २० हजार टनही कॉफी होत नव्हती. २००० साली ती ८ लाख टनांवर गेली आणि कोलंबियाला मागे टाकून व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आला. उत्तरेच्या दाट वस्तीतून लाखो कुटुंबे या पठारावर आली, जंगल तोडून रोबस्टा जातीची कॉफी लावली. जगाच्या बाजाराचे दार उघडे होते आणि प्रत्येकाला त्यातून आत जायचे होते. मग सगळ्यांचा माल एकदम आला आणि २००१ च्या सुमारास जगभर भाव असा पडला की तोडणीची मजुरीही निघेना. आमच्या यजमानांनी त्या वर्षी अर्धी बाग तोडून मका लावला होता. ज्यांनी तोडली नाही ते तरले, असे ते म्हणाले, आणि त्यांना बळ कशाचे होते, तर सरकारी नोकरीत असलेल्या एखाद्या भावाचे. बाजारात टिकायला बाजाराबाहेरचा आधार लागतो, ही गोष्ट बाजाराचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्याने विसरू नये.

या पठारावर आधीपासून राहणाऱ्या एडे आणि इतर जमातींच्या वाट्याला काय आले, हे विचारल्यावर संभाषण थबकले. त्यांच्या फिरत्या शेतीच्या जमिनीवर बागा उभ्या राहिल्या आणि २००१ व २००४ मध्ये इथे मोठी आंदोलने झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही एका एडे वस्तीत गेलो. खांबांवरचे लांबलचक लाकडी घर, आत थंडगार सावली, आणि घराची मालकी आईकडून मुलीकडे. त्या घरातल्या बाईंकडे पाव हेक्टर कॉफी होती आणि बाकीचे दिवस त्या दुसऱ्यांच्या बागेत तोडणीला जात. ज्या बागेत जात तिची जमीन एकेकाळी त्यांच्या आजीची होती. त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, तर पत्ता सांगावा तसे हे सांगितले, आणि आमच्यासमोर उकडलेला कसावा ठेवला.

सध्या भाव चढलेला आहे : किलोला ९० हजार डोंगच्या पुढे, म्हणजे आपले तीनशे रुपये, दोन वर्षांपूर्वीच्या दुपटीहून अधिक. पण माल कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न. बरेच शेतकरी वाळवलेली कॉफी गावच्या व्यापाऱ्याच्या गोदामात ठेव म्हणून टाकतात, गरजेला उचल घेतात आणि भाव बरा वाटेल त्या दिवशी विक्री ठरवतात. कागद म्हणजे एक चिठ्ठी. व्यापाऱ्याने दरम्यान माल विकून टाकलेला असतो, आणि भाव चढला की कधी कधी तो रात्रीतून नाहीसा होतो. आमच्या यजमानांचे दोन टन असेच गेले. दाजींनी खांद्यावर हात ठेवला. द्राक्षाचा माल उचलून पसार झालेला व्यापारी त्यांनीही पाहिला आहे. शेजारी तर कॉफी उपटून डुरियन लावू लागले आहेत, कारण २०२२ पासून चीनने त्या फळाला अधिकृत दार उघडले. त्यांना कोण काय सांगणार?

सातवा दिवस, २० मार्च

बसने हो चि मिन्ह शहराकडे. साडेतीनशे किलोमीटर, आठ तास. रबराच्या बागा, काजू, मग गोदामे आणि मग शहर.

आठवा दिवस, २१ मार्च : हो चि मिन्ह शहर

भाताच्या कोठारापासून काही तासांवर असलेले हे शहर १९७८–७९ मध्ये तांदळासाठी रांगेत उभे होते, यावर आज विश्वास बसत नाही. सरकार शेतकऱ्याला किलोला ०.५२ डोंग देत होते, बाजारात भाव अडीच डोंग होता, म्हणून शेतकरी सरकारला विकेना. व्यापाऱ्याला विकावे, तर प्रांताच्या सीमेवर नाके : थोडाही तांदूळ पिशवीत सापडला तर जप्त. 'नद्या अडवा, बाजार बंद करा' असे त्या धोरणाचे लोकांनी ठेवलेले नाव आहे. लेव्हीचे दिवस आणि कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळात रात्री सीमेपार जाणाऱ्या विदर्भातल्या गाड्या ज्यांना आठवतात, त्यांना हे सांगायला नको.

त्या वेळी शहराच्या पक्षशाखेचे प्रमुख व्हो व्हान किएत होते. ते पुढे पंतप्रधान झाले. अन्न विभागातील 'बा थी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्गुयेन थी राओ यांनी एक गट तयार केला आणि मेकाँगच्या खोऱ्यात जाऊन बाजारभावाने भात विकत आणले. हे सरळसरळ बेकायदा होते. यात तुम्ही तुरुंगात गेलात तर मी डबा आणून देईन, असे किएत यांनी त्यांना सांगितले, अशी गोष्ट इथे प्रत्येकाला माहीत आहे. अशा कृतींना 'फा राव' म्हणतात, कुंपण मोडणे. मला या शब्दाचा मोह पडला आहे, कारण तो शेतकऱ्याचा शब्द आहे. आणि त्याच सुमारास, १९८० मध्ये, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेमागे नाशिक जिल्ह्यातले शेतकरी कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर बसले होते. दाजी त्या वेळी वीस वर्षांचे होते आणि आंदोलनात होते. व्हिएतनामी शेतकऱ्याला मत नव्हते, मोर्चा नव्हता, वर्तमानपत्र नव्हते; त्याच्या हाती काम न करणे आणि माल न विकणे एवढेच होते, आणि तेवढ्याने राज्यकर्ते वाकले. आपल्याकडे यातले सगळे होते. संध्याकाळभर आम्ही दोघे यावरच बोलत होतो.

शेअर बाजार, जो जुलै २००० मध्ये फक्त दोन कंपन्यांवर सुरू झाला, त्याची इमारत बाहेरून पाहिली.

नववा दिवस, २२ मार्च : कान थो

नवा द्रुतगती मार्ग तीन महिन्यांपूर्वीच मेकाँगच्या खोऱ्यातल्या या शहरापर्यंत पूर्ण झाला आहे, त्यामुळे तीन तासांत पोहोचलो. काइ रांगचा तरंगता बाजार पहाटे भरतो. पण होड्या दरवर्षी कमी होत आहेत, कारण भाजी आता ट्रकने जाते. बाजार मोकळा झाला, रस्ते आले आणि नदीवरचा बाजार ओसरला. एका होडीत उंच बांबूला अननस टांगले होते. जे विकायचे ते काठीला टांगायचे, ही इथली पाटी. आम्ही तिथेच गरम नूडल्सची वाटी घेतली.

दहावा दिवस, २३ मार्च : कान थोजवळचे शिवार

हिवाळी-वासंतिक हंगामाची कापणी चालू आहे. हार्वेस्टर भात कापून गोण्या भरतो, लहान गाडा त्या कालव्याच्या काठावर आणतो आणि काठाला व्यापाऱ्याची लाकडी होडी लागलेली असते. ओले भात शेतातच मोजून विकले जाते. खळे नाही, चाळ नाही, बाजार समितीही नाही. सौदा जमवणाऱ्या दलालाला 'को' म्हणतात; बगळ्यालाही तोच शब्द आहे. कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी तो इसार देऊन भाव ठरवतो.

आमचे यजमान 'काँग'मध्ये जमीन मोजतात, एक काँग म्हणजे हजार चौरस मीटर, आपले दहा गुंठे. त्यांची वीस काँग, म्हणजे पाच एकर. यांच्या वडिलांना ही जमीन तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामच्या १९७० च्या 'कसेल त्याची जमीन' कायद्यात मिळाली होती. १९७८ नंतर ती सामुदायिक गटात ओढली गेली, पण दक्षिणेत ते कधी नीट रुजलेच नाही, आणि १० क्रमांकाच्या ठरावानंतर बरीचशी परत आली. गेल्या डिसेंबरात भाव किलोला ९ हजार डोंगच्या वर गेला होता. ज्या शेतकऱ्यांनी आधी कमी भावाने इसार घेतला होता, त्यांतल्या काहींनी शब्द मोडून माल दुसऱ्याला दिला. फेब्रुवारीत भाव साडेसात हजारांवर उतरला, तेव्हा बगळ्यांनी इसार सोडून पळ काढला. दोघांनीही एकमेकांना फसवले, असे यजमान म्हणाले, आणि त्यांनी स्वतः काय केले ते सांगितले नाही.

साडेसात हजार डोंग म्हणजे पंचवीस रुपये किलो, क्विंटलला अडीच हजार, तेही ओल्या भाताला आणि बांधावर. आपल्याकडे २०२३-२४ साठी भाताचा हमीभाव २,१८३ रुपये होता. दाजींनी ते दोनदा मोजले. २०२३ मध्ये व्हिएतनामने ८० लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला, तोवरचा उच्चांक. आम्ही भारतातले आहोत, हे कळल्यावर यजमान उठून आत गेले, तांदळाच्या दारूची बाटली घेऊन आले आणि दुभाषीला म्हणाले, यांच्या सरकारने जहाजे थांबवली म्हणून माझ्या मुलीचे लग्न झाले, हे यांना सांग.

या देशानेही असेच केले आहे, हे मी त्यांना आठवण करून दिले : २००८ मध्ये जगात तांदळाचा भाव गगनाला भिडला असताना नवे निर्यात करार थांबवले गेले, आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने पुन्हा काही आठवडे. ते त्यांना पक्के आठवत होते. २००८ चे भात त्यांनी बंदी उठल्यावर पडत्या भावाने विकले होते. आज त्यांची काळजी वेगळी आहे. वरच्या धरणांमुळे नदी गाळ आणत नाही, उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी कालव्यांतून दरवर्षी आत सरकते, आणि दोन्ही मुलगे बिन्ह दुओंगच्या कारखान्यात आहेत. सरकारने गेल्या नोव्हेंबरात १० लाख हेक्टरवर कमी पाण्याचे, उत्तम प्रतीचे भात घेण्याची योजना मंजूर केली आहे. बी कमी पेरायचे, पाणी आलटून पालटून तोडायचे. ते करून पाहणार आहेत, पण चार काँगवरच.

अकराच्या सुमारास दाजींच्या फोनवर त्यांच्या मुलाचा निरोप आला. ३१ मार्चला संपणार असलेली कांद्याची निर्यातबंदी काल पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली आहे. दाजींनी तो मला वाचायला दिला आणि काही बोलले नाहीत. दुभाषीने काय झाले ते विचारले, मी सांगितले, तिने यजमानांना सांगितले. त्यांनी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ कालव्याकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "बाक, तुमचा कांदा किती दिवस टिकतो?"

"चाळीत चार महिने," दाजी म्हणाले, "पण हा उन्हाळ कांदा नाही. हा आत्ताच विकावा लागतो."

काठावरची होडी भरली होती. व्यापाऱ्याच्या माणसाने दोर सोडला, आणि यजमान शेवटच्या गोणीचे वजन वहीत लिहायला उठले.